नलूकाकूंची सगुणा

गॅरेजचं दार आधी एक लांब सुस्कारा टाकायचं, मग कुरकुरत, अडखळत, अर्ध्यावर क्षणभर विसावत वर जायचं, आणि त्या हळूहळू रुंदावणाऱ्या उजेडाच्या पट्टीत प्रथम दिसायचे ते नलूकाकूंचे लोकरी मोजे, मग फिकट जांभळ्या सुती साडीचा काठ, मग मांडीवरचं खाकी वेष्टनातलं पुस्तक आणि सर्वांत शेवटी चष्म्यावरून रोखून बघणारे त्यांचे डोळे. ऑक्टोबरातलं ते तिरपं, मधासारखं ऊन जणू त्यांच्याच परवानगीसाठी दाराशी थांबलेलं असायचं. आतून वेलदोड्याचा, जुन्या कागदाचा आणि ओल्या पानांचा एकत्र वास यायचा, आणि समोरच्या माझ्या घराच्या पायऱ्या उतरता उतरता मला कळायचं की आज शनिवार आहे, आणि आठवडाभर ज्या मीटिंगांनी माझं डोकं पोखरलं त्यांची आता काही मातब्बरी उरलेली नाही.

त्या पुस्तक उघडायच्या ते उजव्या हातानं, डावा तळवा पानावर सपाट ठेवून, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. वाचता वाचता पानाचा शेवट आला की ते लगेच उलटायच्या नाहीत; दोन बोटांत त्याचा कोपरा धरून ठेवायच्या आणि एकदा बाहेर, मेपलच्या झाडाकडे बघायच्या. त्या दोन बोटांमध्ये सगळी कथा श्वास रोखून थांबलेली असायची. आम्हीही थांबायचो. न्यू जर्सीतल्या ह्या पार्सिपनी गावातल्या माझ्या इतक्या वर्षांत मी इतकी निवांत कुठंच थांबले नाही.

नलूकाकू एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. काका गेल्यापासून घरात एकट्या. मुलगा निखिल दूर पश्चिम किनाऱ्यावर, क्युपर्टिनोत, इथंच जन्मलेला, मराठी समजणारा पण बोलताना दोन वाक्यांनंतर इंग्रजीच्या आश्रयाला जाणारा. मुलगा गुणी होता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण ह्या कथेत खलनायक शोधायची सवय असलेल्यांची निराशा होणार आहे. नलूकाकूंना आवडणाऱ्या कादंबऱ्यांतही खलनायक नसायचे.

त्या कादंबऱ्यांबद्दल बोलायलाच हवं. पूर्वी इथं आलेल्या माणसांनी सामानातून लोणच्याच्या बरणीशेजारी एकेक दोन-दोन पुस्तकं आणली होती, आणि वाचून झाल्यावर ती इथल्या मराठी मंडळाच्या कपाटात ठेवली होती. नव्या कमिटीनं ते कपाट रिकामं करायचं ठरवलं. कुणी वाचत नाही, जागा अडते, हवं ते सगळं फोनवर मिळतं. नलूकाकूंनी मीटिंगमध्ये शांतपणे विचारलं की शेवटचं तुम्ही फोनवर काय वाचलंत, आणि कुणालाच काही आठवेना, तेव्हा त्या उठल्या, आपली जुनी गाडी हॉलच्या दाराशी लावली आणि सगळं कपाट घरी घेऊन आल्या. मग किराण्याच्या खाकी कागदी पिशव्या कापून एकेका पुस्तकाला त्यांनी वेष्टन घातलं. कण्यावर काळ्या शाईत, प्रयोगशाळेतल्या बाटलीवर लिहावं तसं ठसठशीत नाव.

आता त्या पुस्तकांना लोक भाबडी म्हणतात, मला ठाऊक आहे. त्यांत कुणाचा खून होत नाही, कुणी कुणाला दगा देत नाही, आणि एखाद्या अख्ख्या प्रकरणातली सर्वांत मोठी घटना म्हणजे मांजरीनं तांदळाच्या कणगीत पिल्लं घातली, ही असते. बरं, मग? दिवसभर जगातल्या साऱ्या क्रौर्याचा रतीब घरपोच घेणाऱ्या माणसानं शनिवारी दुपारी मांजरीच्या पिल्लांची काळजी केली, तर कुणाचं काय बिघडतं? दुःखाइतकंच सुखाकडेही नीट बघावं लागतं आणि ते बघायला जास्त धीर लागतो, हे मला त्या गॅरेजात बसून पटलं. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलं आहे.

ऐकायला आम्ही तिघं-चौघं असायचो. मी, कमी ऐकू येतं म्हणून पुढच्या खुर्चीवर हक्कानं बसणारे निवृत्त इंजिनियर वसंतकाका, आणि नागपूरहून पीएच.डी.ला आलेली अदिती, जी पहिल्यांदा केवळ चिवड्यासाठी आली होती आणि मग येतच राहिली. एकदा ती म्हणाली, "काकू, हे सगळं आता ट्रेंडमध्ये आहे यार. जुनी पुस्तकं, ॲपल पिकिंग, घरचं लोणी. लोक व्हिडिओ टाकतात." नलूकाकूंनी चष्मा पुसत उत्तर दिलं, "ट्रेंड असेल तर जाईल. आपण इथंच आहोत." आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही. पुस्तकात जो ऋतू, तोच दाराबाहेर हवा. श्रावणाचं प्रकरण मे महिन्यात वाचायचं नाही, आणि थंडीचं प्रकरण थंडी पडेपर्यंत उघडायचंसुद्धा नाही. त्यामुळे एक कादंबरी संपायला वर्ष लागायचं. न्यू जर्सीला पावसाळा नाही, म्हणून जुलैतल्या वादळाची वाट बघायची, आकाश शाईसारखं झालं, पहिला गडगडाट झाला की फोन यायचा, "मृणाल, श्रावण आलाय, ये." मग पत्र्यासारख्या वाजणाऱ्या पावसात, दार वर करून, अंगावर तुषार घेत आम्ही श्रावण ऐकायचो, आणि त्या दिवशी रस्त्याकडेच्या शेतावरून आणलेली कोवळी कणसं असायची, लिंबू आणि तिखटमीठ चोळलेली. स्ट्रॉबेऱ्यांच्या दिवसांत पुस्तकात आंबे असायचे आणि सफरचंदांच्या दिवसांत पेरू. दोन्ही फळं एकाच जिभेवर कशी नांदतात ते तिथं कळायचं. वसंतकाकांचा ह्या नियमाला शास्त्रीय विरोध होता. पण ते कधी गैरहजर राहिले नाहीत.

त्या वर्षी सगुणेची कादंबरी चालली होती. नदीकाठच्या एका लहान गावात, तीन खोल्यांच्या घरात राहणारी सगुणा नावाची बाई. नवरा गेलेला, मुलगा शहरात नोकरीला. अंगणात पेरूचं झाड. श्रावणात ती गळणाऱ्या कौलाखाली पातेली मांडते, शरदात वाळवणं घालते, शेजारणीशी भांडते आणि तिलाच पहिला पेरू देते. आणि दर ऋतूत मुलाचा निरोप येतो, आई, आता इकडे ये, एकटी राहू नकोस. सगुणा दर ऋतूत काही ना काही कारण काढते. पेरू धरलाय. गाय गाभण आहे. थंडी सरू दे.

नलूकाकू ही कारणं वाचायच्या तेव्हा त्यांचा आवाज किंचित खाली यायचा, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं, कारण तीच कारणं त्या फोनवर देताना मी ऐकली होती. निखिलनं आपल्या घराशेजारी त्यांच्यासाठी एक सुंदर अपार्टमेंट बघितलं होतं, उन्हाचं, लिफ्टचं, खाली योगाचा वर्ग असलेलं. बर्फ नाही, घसरायची भीती नाही. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि अत्यंत प्रेमानं म्हणायचा, "आई, धिस हाउस इज टू बिग फॉर यू." नलूकाकू म्हणायच्या, "अरे, ट्युलिपचे कांदे नुकते पेरलेत." कधी म्हणायच्या, सफरचंदं संपू देत. त्यांना जायचं नव्हतं. जिथं चार ऋतू दाराशी येऊन हाक मारतात ते घर सोडून, वर्षभर एकच गोड हवा असलेल्या ठिकाणी जाऊन राहायचं, म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तक मध्येच मिटून ठेवणं होतं. पण प्रेमानं मागणाऱ्या मुलाला नाही म्हणायचे शब्द त्यांना सापडत नव्हते. प्रयोगशाळेत साहेबांना तोंडावर सुनावणारी ती बाई मुलापुढे नुसती ऋतूंची कारणं देत राहिली.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला निखिल आला. आईची पाठ वाकून पानं ओढायला नको म्हणून त्यानं शुक्रवार, शनिवार, रविवार पुढचं मागचं सगळं अंगण साफ केलं. आमच्याकडे पानं उंच खाकी कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायची असतात, टाउनची गाडी येऊन नेते. नलूकाकूंना त्या पिशव्या फार आवडत. खोकी फाटतात, ह्या फाटत नाहीत, म्हणून पुस्तकंही त्या त्यांतच ठेवत. मुलगा येणार म्हणून गॅरेज आवरताना त्यांनी एक पूर्ण पिशवी भरून कोपऱ्यात उभी केली होती, आणि सगुणा सर्वांत वर, पुढच्या शनिवारी लगेच हाताशी यावी म्हणून. खाकी पिशवीत खाकी वेष्टनं. निखिलला देवनागरी वाचता येत नाही. त्यानं आईला मदत म्हणून गॅरेजातल्या सगळ्या पिशव्या, तोंडं नीट दुमडून, एका ओळीत रस्त्याकडेला लावल्या आणि रात्रीच्या विमानानं परत गेला.

सोमवारी सकाळी गाडी आली. नलूकाकू खिडकीत चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. गाडीवरच्या माणसांना हात करायची त्यांची जुनी सवय. त्यांनी हात केला, त्या माणसांनीही केला, आणि गाडीनं एकेक पिशवी घशात घेऊन दळली आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली. आपण कशाला हात केला हे त्यांना शनिवारी कळलं.

मी तिथं होते. कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे त्या बघत राहिल्या, आणि मग फोन करून त्यांनी निखिलला अगदी साध्या आवाजात विचारलं की कोपऱ्यातली पिशवी कुठं ठेवलीस. मग तो रडवेला होऊन म्हणाला, "आई, आय थॉट इट वॉज जस्ट पेपर. मी ऑनलाइन ऑर्डर करतो, नाव सांग." नलूकाकूंनी नाव सांगितलं. त्यानं तासभर शोधलं, मीही शोधलं. ते पुस्तक कुठंच नव्हतं. छापणारे कधीचेच दुकान बंद करून गेले असावेत. मला त्या पोराचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, आणि ह्याचाच मला फार राग येत होता.

वसंतकाका म्हणाले, दुसरं एखादं घ्या. अदिती म्हणाली, काकू, तुम्हाला गोष्ट तर माहीत आहे ना, थोडक्यात सांगून टाका. नलूकाकू तिच्याकडे असं बघत राहिल्या की तिनं चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"थोडक्यात काही सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "थंडी पडू दे."

थंडी पडली. पहिला बर्फ आला तो दुपारी, निःशब्द, मोठमोठ्या सुट्या पाकळ्यांचा, आणि मग मी खिडकीतून खाली बघते तो नलूकाकूंच्या गॅरेजचं दार गुडघ्याइतकं वर झालेलं. आत हीटर तापून लाल झाला होता, हुरड्याऐवजी पॉपकॉर्न होते, आणि नलूकाकू मांडीवर नुसता दुमडलेला टॉवेल ठेवून बसल्या होत्या. डावा तळवा त्या टॉवेलावर सपाट. त्यांनी डोळे मिटले नाहीत, आठवण्याचा आव आणला नाही. समोरच्या शुभ्र अंगणाकडे बघत, जणू तिथंच छापलं आहे अशा आवाजात त्या सांगू लागल्या की सगुणेनं त्या सकाळी शेकोटी पेटवली तेव्हा नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. वाक्यं लांब होती, संथ होती, जुन्या वळणाची होती. पानाचा शेवट आला की त्या थांबायच्या आणि हवेतला कोपरा दोन बोटांत धरायच्या. वसंतकाकांनी सुद्धा त्या दिवशी, थंडीत विहिरीचं पाणी कोमट कसं, अशी शंका काढली नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि आत सगुणेच्या अंगणात कोवळं ऊन पडलं होतं, आणि मला दोन्ही सारखंच खरं वाटत होतं.

पूर्ण हिवाळा असा गेला. घसरू नये म्हणून मी त्यांच्या पायऱ्यांवर मीठ टाकायची, त्या खिडकीतून खुणेनं सांगायच्या, तिकडे जास्त टाक, तिथं पोस्टमन चढतो. निखिलचे फोन वाढले होते. पुस्तकाच्या अपराधानं तो अधिकच हळवा झाला होता, आणि हळवी माणसं फार जोरात ओढतात. एप्रिलमध्ये मी येतो, हे घर विकायला एजंट येईल, बाकी सगळं मी बघतो, तू फक्त बॅग भर. नलूकाकू त्याला म्हणाल्या, ये. यायला नाही कोण म्हणतं. त्यांच्याकडची कारणं संपत आली होती. मला रात्रंदिवस एकच भीती वाटत होती की आता त्या हो म्हणतील, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण आपली शेजारीण आपल्या मुलाकडे जाते ह्यात भिण्यासारखं काय आहे?

एप्रिल आला. कुंपणाकडेची पिवळी झुडपं एका रात्रीत पेटून उठली, ट्युलिपांनी माती फोडली आणि हरणांनी त्यातले निम्मे खाल्ले. निखिल आला तो शुक्रवारी. शनिवारी दार वर गेलं, सुस्कारा टाकून, अडखळत, आणि आत नलूकाकूंच्या शेजारच्या खुर्चीवर तो बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून, मोठा झालेला माणूस जसा आईच्या घरात अवघडून बसतो तसा. ताटात कैरीऐवजी हिरव्या सफरचंदाची डाळ होती. शेवटचं प्रकरण होतं, वसंताचं.

त्या दिवशीचा त्यांचा आवाज मी विसरणार नाही. सगुणेचा मुलगा बैलगाडी घेऊन आला, त्या सांगू लागल्या. त्यानं सामान बांधलं. सगुणेनं त्याला पोटभर जेवू घातलं, त्याच्या फडक्यात पेरू बांधून दिले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती अंगणात आली आणि गाडीत चढली नाही. नलूकाकूंनी हवेतलं पान धरलं आणि मेपलकडे बघितलं. त्याच्या फांद्यांवर लालसर, बारीक, अजून पान म्हणता येणार नाही असं काहीतरी फुटलं होतं. "ती मुलाला म्हणाली, बाळा, तू मला न्यायला आलास ह्यातच मी पोचले. आता तू जा. मला हे झाड पुन्हा फुललेलं बघायचं आहे, आणि त्याच्या पुढच्या वेळीही बघायचं आहे. एक दिवस दिसणार नाही. त्या दिवशी ये." मग गाडी गेली. सगुणेनं कोपऱ्यातला खराटा उचलला आणि चाकोऱ्या उमटलेलं अंगण झाडायला घेतलं. संपलं.

निखिलला सगळे शब्द कळले नसतील, पण त्याला जे कळायचं ते कळलं होतं. तो खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "आई, तुला इथं भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते की. पण माझी मला वाटते." रविवारी एजंटला यायचं होतं. तो काही आला नाही. निखिलनं जाण्यापूर्वी पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवून घेतला आणि विमानतळावर जाताना माझ्याकडे किल्लीची एक जोड देऊन गेला.

उन्हाळ्यात अदिती नागपूरला जाऊन आली. परतल्यावर ती आधी माझ्याकडे आली आणि पिशवीतून एक पुस्तक काढून तिनं माझ्या हातात दिलं. तिच्या आत्याच्या माळ्यावर सापडलं होतं. तीच कादंबरी, तीच सगुणा. "ताई, शेवट वाच," एवढंच ती म्हणाली. मी उभ्या उभ्या वाचला. छापलेली सगुणा गाडीत चढते. दाराला कडी घालते, किल्ली शेजारणीकडे देते, झाडाला हात लावून डोळे पुसते आणि मुलासोबत शहरात जाते, जिथं नातवंडं तिला बिलगतात आणि सगळं गोड होतं. शेवटचं वाक्य असं की खरं घर म्हणजे मुलांचं घर.

मी तशीच रस्ता ओलांडून गेले. नलूकाकू पायरीवर बसून कणसांची सालं सोलत होत्या, मांडीवर रेशमी धाग्यांचा पुंजका. मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी हात साडीला पुसले, पुस्तक घेतलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि न उघडता मांडीवर ठेवलं.

"काकू, ह्यात ती जाते."

"पुस्तक चुकलंय," त्या म्हणाल्या आणि पुढचं कणीस उचललं. थोड्या वेळानं, साल ओढता ओढता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लग्नाआधी वाचलं तेव्हाही चुकलंच होतं. तेव्हा बोलायची सोय नव्हती." मग त्यांनी मला दोन कणसं दिली आणि संध्याकाळी येताना किराण्याची खाकी पिशवी आणायला सांगितली, वेष्टन घालायला.

मला आजही सांगावंसं वाटतं की ती काही लबाडी नव्हती. ज्या बाईला आयुष्यभर स्वतःसाठी नाही म्हणता आलं नव्हतं तिनं सगुणेच्या तोंडून म्हणून घेतलं. ह्याला कुणी काहीही नाव द्यावं. मी तरी त्याला वाचणं म्हणते.

त्या घरात नलूकाकू आणखी एक श्रावण राहिल्या, एक पानगळ, एक बर्फ. मार्चच्या शेवटी, कुंपणाकडेची पिवळी झुडपं पेटायच्या बेतात असताना, दुपारच्या झोपेतून त्या उठल्या नाहीत. किल्ली माझ्याकडे होती. मी आत गेले तेव्हा खिडकीतून ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं, आणि चष्मा उशाशी, खाकी वेष्टनातल्या त्या पुस्तकावर, नीट मिटून ठेवलेला होता.

निखिल घर आवरायला आला तेव्हा एप्रिल होता. ह्या वेळी त्यानं एकही पिशवी उघडून बघितल्याशिवाय उचलली नाही. शेवटच्या दिवशी तो मला घेऊन गॅरेजात गेला, त्यानं दार वर केलं, आणि मांडून ठेवलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर मला बसवून ते पुस्तक माझ्या हातात दिलं.

"मृणालताई, हे सापडलं. आईच्या पिलोजवळ. तेच बुक आहे ना?" मी मान हलवली. तो शेजारच्या खुर्चीवर बसला. "शेवटचं चॅप्टर वाचून दाखवाल? जसं आई वाचायची तसं. मला एकदा ऐकायचंय."

मी पुस्तक उघडलं. डावा तळवा पानावर सपाट ठेवला. समोर काळ्या अक्षरांत स्वच्छ छापलं होतं की सगुणा गाडीत चढली. ते तसं वाचलं असतं तर नलूकाकूंना त्यांच्याच गॅरेजातून मी पुन्हा एकदा बॅग भरून पाठवून दिलं असतं, आणि ते माझ्या हातून होणं नव्हतं, पुस्तकात लिहिलंय म्हणून तर मुळीच नाही. मी त्या ओळींवरून बोट फिरवत, संथपणे, जुन्या वळणाच्या लांब वाक्यांत वाचलं की सगुणेनं मुलाला पोटभर जेवू घातलं, त्याच्या फडक्यात पेरू बांधले, आणि ती अंगणात आली आणि गाडीत चढली नाही. "एक दिवस दिसणार नाही. त्या दिवशी ये." निखिलनं चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. मी पानाचा कोपरा दोन बोटांत धरला आणि मेपलकडे बघितलं. त्याला पुन्हा ते लालसर काहीतरी फुटलं होतं. मग मी पान उलटलं आणि सगुणेच्या हातात खराटा दिला.

काळाची गाडी दर ऋतूच्या शेवटी येते आणि रस्त्याकडेला ठेवलेलं सगळं घेऊन जाते, तिला कोण अडवणार. पण एखादं माणूस जिथं जायला नको म्हणालं होतं तिथं ते अजून गेलेलं नाही, हे रोज कुणाला तरी मोठ्यानं वाचावं लागतं.